कावळ्याकडे सोपवलेलं विज्ञान

क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा, चौदा तालुक्यांचा जिल्हा. त्याचं नाव बदलायचं म्हणजे काय चेष्टा आहे? पण बदललं. मार्च 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ठराव केला, त्याच वर्षी ऑक्टोबरात दिल्लीचीही मोहोर उमटली आणि अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. पाट्या रंगल्या, शिक्के बदलले, लेटरहेडं नवी छापली. नाव हा अस्मितेचा विषय आहे, हे लहान पोरालाही कळलं.

त्याच पोराला स्वतःच्या शरीराच्या काही भागांची नावं मात्र कुणी सांगितलेली नाहीत. नाकाला नाक, कोपराला कोपर, पण बेंबीच्या खाली सगळा प्रदेश बिननावाचा. फार तर ‘शूची जागा’. एखाद्या घरात चिमणी, एखाद्या घरात नुन्नी. पक्ष्यांचा आधार मराठी घराने पहिल्यापासून घेतला आहे. बारा वर्षांची मुलगी तीन दिवस कोपऱ्यात का बसली, असं धाकट्याने विचारलं की उत्तर तयार असे, “तिला कावळा शिवला.” या कावळ्याने डी.एड. केलेलं नाही, टीईटीही दिलेली नाही. तरी पिढ्यान्‌पिढ्या जीवशास्त्राची जागा त्यानेच अडवून ठेवली. आता कोपऱ्यात बसणं शहरात बरंच कमी झालं, कावळाही निवृत्त होत आला. त्याच्या जागी आलेले शब्द पाहावेत: ‘अडचण’, ‘प्रॉब्लेम’, ‘डेट’.

मुलग्यांच्या वाट्याला तर पक्षीही नाही. त्यांच्यासाठी मराठीत एक भारदस्त शब्द आहे, ‘स्वप्नदोष’. पोरगं झोपेतून जागं व्हायच्या आत भाषेने त्याच्यावर दोषारोप ठेवलेला असतो. मग खुलासा कुठून मिळणार? एसटी स्टँडाच्या मागच्या भिंतीवरून. ‘गुप्तरोग, कमजोरी, बचपन की गलतियाँ’ असा अभ्यासक्रम तिथे ठळक अक्षरांत रंगवलेला असतो, खाली मोबाईल नंबर. हल्ली भिंतीपर्यंतही जावं लागत नाही, मोबाईलच खिशात असतो. त्यातले मास्तर चोवीस तास हजर असतात आणि पालकांची सही मागत नाहीत.

शाळेत शिकवत नाहीत असं म्हणणं अन्यायाचं होईल. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग 2 मध्ये तिसऱ्या धड्यात मानवी प्रजनन आहे, आकृत्यांसकट. आता मुलीची पाळी साधारण बाराव्या-तेराव्या वर्षी सुरू होते आणि धडा येतो पंधराव्या वर्षी. पीकविम्याचे पैसे जसे येतात, तसाच. बरं, आला तरी उघडतो का? “हा भाग सोपा आहे, घरी वाचून घ्या,” असं सर फळ्याकडे तोंड करून सांगतात. गुरुत्वाकर्षण अवघड म्हणून चार तास आणि हा भाग सोपा म्हणून चार सेकंद. घरी आई म्हणते, “शाळेत शिकवतील की.” वडील पेपर वर धरतात.

हे ज्या जिल्ह्यात चालतं तो सहकाराचा जिल्हा आहे. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांना सोबत घेऊन शेतकऱ्यांचा साखर कारखाना उभा केला, 1950 साली प्रवरेकाठी त्याचं गाळप सुरू झालं. हजारो शेतकरी भागधारक एकत्र आणता आले. आई आणि वर्गशिक्षिका, या दोन भागधारकांची एक सोसायटी मात्र अजून नोंदली गेलेली नाही.

सरकारने मधल्या काळात काय केलं? मार्च 2007 मध्ये विधानसभेत शिक्षकांसाठीच्या पुस्तिकेतल्या चित्रांवर आमदार खवळले आणि महाराष्ट्रात लैंगिक शिक्षणावर बंदी आली. जे शिकवलं जातच नव्हतं ते बंद करण्याचा हा दुर्मीळ पराक्रम. 2009 मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीने, अध्यक्ष व्यंकय्या नायडू, शाळांत लैंगिक शिक्षण नकोच असं सुचवलं आणि मुलांना संतांची, स्वातंत्र्यसैनिकांची चरित्रं शिकवावीत अशी शिफारस केली. चरित्रं उत्तमच. पण सहावीतल्या पोराचा आवाज का फाटतो, याचा उलगडा त्यांत कुठे सापडायचा?

गंमत म्हणजे याच महाराष्ट्रात 1891 साली संमतिवयाचा कायदा आला, तेव्हा मुलगी कधी ‘मोठी’ होते यावर पुण्यातल्या पुरुषांनी जाहीर सभांतून आणि वर्तमानपत्रांतून कंठशोष केला होता. दहा की बारा, एवढाच वाद. लाज कुणाला वाटली नाही, कारण चर्चेत मुलगी नव्हती. पुढे जुलै 1927 मध्ये गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि लोकांच्या शंकांना सरळ शब्दांत उत्तरं द्यायला लागले. तेव्हा मात्र समाजाला एकदम लाज आठवली, खटले झाले. त्यातल्या एकात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. कर्वे हरले. मासिक त्यांच्या मृत्यूपर्यंत, 1953 पर्यंत, चालू राहिलं.

सरकारलाही पुढे उमगलं की भांडण विषयाशी नाही, नावाशी आहे. नाव बदलण्यात तर आपला हातखंडा. 2014 मध्ये 10 ते 19 वर्षांच्या मुलामुलींसाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आला, 2020 मध्ये शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक, शक्यतो एक बाई आणि एक सर, आरोग्यदूत नेमायचं ठरलं. विषय अकरा. त्यांच्या नावांत ‘लैंगिक’ हा शब्द असा हुशारीने टाळला की कुणाची भावना दुखावू नये. योजना इतक्या सभ्य झाल्या की त्या आल्याचं पुष्कळ पालकांना कळलंच नाही.

कागदावर पालक सगळीकडे आहेत. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या बायका. 10 मार्च 2022 च्या शासन निर्णयाने ‘सखी सावित्री’ समिती आली, तिच्यातही पालक आणि विद्यार्थी आहेत. आता कुठल्याही पालकसभेत डोकावून पाहावं. आया पुढे सतरंजीवर, वडील दाराबाहेर चपलांशेजारी. खिचडीत अळी, गणवेशाची शिलाई, पाण्याची टाकी, मुलींच्या संडासाची मोडलेली कडी. कडीवर वीस मिनिटं चर्चा होते. पोरी कडी नसली की चार दिवस शाळेत का येत नाहीत, याचा उच्चार न करता वीस मिनिटं बोलणं हे कसब आहे. मग एखाद्या बाई धीर करून म्हणतात, “मुलींशी जरा त्या विषयावर बोलायचं होतं.” कोणत्या विषयावर हे कुणी विचारत नाही. दाराबाहेरून आवाज येतो, “नको ते डोक्यात भरू नका.” डोकं रिकामं आहे, या गृहीतकावर वडिलांचा फार विश्वास. लैंगिक शिक्षणाने मुलं लवकर त्या वाटेला लागत नाहीत, असं जगभरचे अभ्यास तपासून युनेस्कोने सांगितलं आहे. पण युनेस्कोला गावकी नाही.

इथे थट्टा थोडी बाजूला ठेवावी लागते. 2012 चा पॉक्सो कायदा मुलाच्या जबाबाला महत्त्व देतो. ज्या मुलीला त्या जागेचं नावच शिकवलेलं नाही, तिने पोलीस ताईंना काय सांगायचं? चिमणीला लागलं?

“गावाकडे हे चालत नाही हो,” हा शहाण्यांचा शेवटचा पत्ता. नेमक्या याच जिल्ह्यात तो चालत नाही. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद गावासमोर मांडला, तसंच लग्नाआधी एचआयव्ही तपासणी सक्तीची केली. मांडवाआधी रक्ताचा रिपोर्ट मागणाऱ्या गावाला पाळी हा शब्द जड जाईल?

आणि जामखेड. जिल्ह्याला ज्यांचं नाव दिलं त्या अहिल्याबाईंची चोंडी याच तालुक्यात. 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपं इथे आलं. शिकलेल्या नर्सबाई गावात पाठवून पाहिल्या, गावाने त्यांना आपलं मानलं नाही. मग गावातल्याच बायका निवडल्या, कित्येक दलित, कित्येक निरक्षर, आणि त्यांना आरोग्यसेविका केलं. या बायका दर आठवड्याला जामखेडला शिकून येत आणि गावाच्या बोलीत सांगत. पुरुषांना एकत्र आणायला आरोळ्यांनी भाषण ठोकलं नाही, व्हॉलीबॉल आणला. जातपात विसरून खेळायला लागलेल्यांची पुढे शेतकरी मंडळं झाली, बायकांची महिला मंडळं झाली. किशोरींचे वर्ग आले ते या सगळ्यानंतर: पाळी, आहार, बालविवाह, स्वसंरक्षण. मग मुलग्यांचेही. म्हणजे मुलीला सांगायच्या आधी तिची आई मंडळात बसून हे ऐकून, हसून, लाजून मोकळी झालेली होती. पालकांना विश्वासात घेणं म्हणतात ते हेच असावं. दाखल्यावर सही घेणं नव्हे. पण आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला 1979 साली, आणि पुरस्कार मिळालेली गोष्ट आपण अनुकरणाच्या नव्हे, सहलीच्या यादीत टाकतो.

8 मार्च 2018 ला ‘अस्मिता’ योजना आली, जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅड. वस्तू पोचवायचं ठरलं, शब्द वाटेतच राहिला. अजूनही नगर शहरात सावेडीच्या किंवा चितळे रोडच्या मेडिकलात संध्याकाळी उभं राहावं. खोकल्याचं औषध उघडं मिळतं, जुलाबाच्या गोळ्या उघड्या. सातवीतल्या मुलीची आई कानात पुटपुटते, दुकानदार न बोलता मागे वळतो, पाकीट काढतो, आधी वर्तमानपत्रात गुंडाळतो, मग काळ्या पिशवीत घालतो. शेजारी उभा बाप त्या वेळी बाहेरच्या रहदारीचा बारकाईने अभ्यास करत असतो.

त्या पुडीसाठी दुकानदार कालचा पेपर वापरतो. म्हणजे हे सदरही उद्या-परवा सातवीतल्या एखाद्या मुलीच्या घरी पोचेल. पुडी सोडताना तिने हा कागद चुरगळण्याआधी दोन ओळी वाचल्या, तर अभ्यासक्रम सुरू झाला म्हणायचा. फक्त दुकानदाराने या सदराची बाजू आत ठेवायला हवी.