कुरकुरीत नाताळ

डिसेंबर लागला की आमच्या चर्चमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं : 'नाताळचा खरा अर्थ आपण विसरत चाललो आहोत.' पाळक बदलतात, पुलपिटावरचा माइक बदलतो, वाक्य तेच. पाळकसाहेब ते उच्चारतात, थांबतात आणि चष्म्यावरून मंडळीकडे बघतात. मंडळी ताबडतोब अपराधी चेहरा करते. बायकांच्या बाकांवर हा चेहरा धरून ठेवणं जरा जड जातं, कारण तिथे डोक्यात खऱ्या अर्थाच्या जागी भाजणी असते. ती दळायला टाकायची आहे, गिरणी रविवारी दुपारीच बंद होते, आणि प्रवचन तीन मुद्द्यांपैकी अजून पहिल्यावरच रेंगाळतंय.

प्रवचनानंतर सूचना. खजिनदार उठतात आणि प्रीतिभोजनाची वर्गणी जाहीर करतात. 'मटणाचा भाव पाहता यंदा चिकन बिर्याणीच करावी, असं कमिटीचं मत आहे,' असं ते म्हणतात तेव्हा मंडळीतून जी हळहळ उमटते, ती खऱ्या अर्थाच्या वाट्याला आलेली मी कधी पाहिली नाही.

मी मूळची नगरची, लग्नानंतर पुण्याची, मराठी ख्रिस्ती. आडनाव अस्सल देशावरचं. त्यामुळे नव्या ओळखी डिसेंबरपर्यंत सुरळीत चालतात. मग दारात चांदणी लागते आणि समोरच्याची जीभ अडखळते. 'म्हणजे तुम्ही… कधीपासून?' 'पणजोबांपासून' म्हटलं की प्रश्न मिटतो, पण पुढचे दोन दिवस लिफ्टमध्ये माझ्याशी जरा जास्तच हसून बोललं जातं.

कुरकुर फक्त चर्चमध्ये होते असं नाही. आमच्या घरी ती पिढीनुसार वाटून दिलेली आहे. सासूबाईंकडे चांदणीचं खातं. हल्लीची चांदणी प्लास्टिकची, घडी घालून पिशवीत मावणारी, बटण दाबलं की सात रंग बदलणारी. त्यांच्या वेळी बांबूच्या काड्या तासून, पतंगी कागद खळीने चिकटवून, आत बल्ब सोडून चांदणी व्हायची. ती अधूनमधून पेटायचीही. 'पण पेटली तरी तिच्यात एक पावित्र्य होतं गं,' असं त्या म्हणतात.

नवऱ्याकडे गाण्यांचं खातं. कॅरोल पार्टी रात्री घरोघर निघते तेव्हा पेटी, तबला, ढोलकी आणि रेव्हरंड टिळकांची गाणी हवीत, हे त्याचं ठाम मत. तरुण मंडळी गिटार आणि ड्रम घेऊन येतात. याला वाटतं, परंपरा बुडाली. आता गंमत अशी की नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, तेव्हा परंपरा म्हणजे मुख्यतः विलायती चालींवरची भाषांतरित गीतं. भजन आणि कीर्तन चर्चमध्ये रुजवणारे टिळक हेच त्या काळचे गिटारवाले. तेव्हाच्या बुजुर्गांनी घरी जाऊन काय म्हटलं असेल, ते मी न ऐकताही सांगू शकते.

माझ्याकडे स्वयंपाकघर. त्यामुळे माझी कुरकुर तात्त्विक नसते, गुडघ्यांतून येते.

एका डिसेंबरात चकल्या तळता तळता मला वाटलं, हा जो 'पूर्वीचा खरा नाताळ' आहे, त्याचा पत्ता तरी काढावा. सासूबाई म्हणतात तो त्यांच्या आईच्या वेळी होता. त्यांची आई म्हणायची, तो मिशनच्या साहेबांच्या वेळी होता. मग साहेबांकडेच गेलं पाहिजे.

अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८३१ साली नगरला ठाणं झालं. म्हटलं, खरा नाताळ यांच्याच पेटाऱ्यातून आला असणार. पण यांना धाडणारी संस्था बॉस्टनची. बॉस्टन म्हणजे मॅसॅच्युसेट्स. आणि मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली कायदा झाला होता की, जो कुणी काम बंद ठेवून किंवा मेजवानी करून नाताळ पाळील, त्याला पाच शिलिंग दंड! १६८१ मध्ये कायदा गेला, पण कपाळावरची आठी जायला फार वेळ लागला. तिथे नाताळची सरकारी सुट्टी सुरू झाली १८५६ साली. म्हणजे साहेब नगरला येऊन पाव शतक लोटलं, तरी त्यांच्या गावी त्या दिवशी कचेऱ्या उघड्या होत्या. आमच्या पणजीने ज्यांना नाताळचे मूळ मालक समजून पानात लाडू वाढला असेल, त्यांच्या खापरपणजोबांनी त्याच लाडवासाठी दंड लावला असता.

या कडक लोकांचं म्हणणं तरी काय होतं? ते म्हणत, पवित्र शास्त्रात येशूच्या जन्माची तारीख नाही. खरंच नाही. मागी लोक तीन होते असंही लिहिलेलं नाही; देणग्या तीन होत्या, त्यावरून माणसं मोजली गेली. गव्हाणीजवळ बैल आणि गाढव उभे असल्याचा शुभवर्तमानांत उल्लेख नाही. म्हणून इंग्लंडमधल्या त्यांच्या भाऊबंदांनी १६४७ साली पार्लमेंटमधून नाताळ रद्दच करून टाकला. त्या वर्षी पंचवीस डिसेंबरला कँटरबरीत दंगल झाली. कशावरून? तर नाताळच्या दिवशी दुकानं उघडा म्हणून हुकूम निघाला आणि लोक खवळले. आज त्याच दिवसांत दुकानं बंद ठेवा म्हटलं तर दंगल होईल.

अजून मागे गेले. पंचवीस डिसेंबरला हा सण होत असल्याची रोममधली नोंद ३३६ सालची आहे. आणि ३८०च्या सुमाराला कॉन्स्टँटिनोपलमध्ये ग्रेगरी नावाचे मोठे धर्मपुरुष नाताळच्या प्रवचनात सांगताहेत की, दारं सजवू नका, नाच करू नका, खाण्यापिण्यात वाहवू नका, सण देवाला शोभेल असा करा. त्या शहरात तर सण अगदीच कोवळा होता. म्हणजे लोकांना खरा अर्थ नीट कळायच्या आत तो हरवल्याची तक्रार दाखलही झाली होती. मी झारा खाली ठेवला. सोळाशे वर्षांपूर्वी सांताक्लॉज नव्हता, झाड नव्हतं, केकही नव्हता. कुरकुर मात्र होती. नाताळची सर्वांत जुनी, अखंड चालत आलेली परंपरा कोणती असेल तर हीच.

केकवरून आठवलं. आमच्या समोर राहणाऱ्या काकूंना पहिल्या वर्षी मी नाताळचं ताट दिलं. त्यांनी क्रोशाचा रुमाल उत्सुकतेने उचलला. खाली चकली, करंजी, शंकरपाळी, चिवडा आणि रव्याचा लाडू. काकू ताटाकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, 'अगंबाई, हे तर आपलंच!' त्या स्वरात आनंद किती आणि निराशा किती, हे मला आजही सांगता येणार नाही. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी हेच सगळं मला दिलं होतं, आणि त्यांचा चिवडा अजून माझ्या डब्यात तळाला होता. त्यांना हवा होता केक. काळसर, मनुकांचा, रमचा वास येणारा. तो मीही कॅम्पातल्या बेकरीसमोर रांगेत उभी राहूनच आणते, आणि त्या रांगेत माझ्या पुढेमागे निम्म्याहून जास्त बायका गळ्यात मंगळसूत्र आणि हातात हिरव्या बांगड्या घातलेल्या असतात.

नगरला आमच्या लहानपणी केक दुर्मीळ, नानकटाई मुबलक. रवा, मैदा, तूप, साखर घेऊन आई बेकरीत जायची. नंबर लागेपर्यंत आम्ही मुलं भट्टीजवळ उबेला बसायचो. पत्र्याच्या ट्रेच्या कडेला खडूने आडनाव लिहिलेलं असे, आणि नेमक्या एकाच आडनावाची तीन घरं रांगेत असत. कुणाची नानकटाई कुणाच्या डब्यात गेली यावरून जानेवारी अर्धा होईपर्यंत भावकीत अबोला टिके. पृथ्वीवर शांती हा देवदूतांचा निरोप आमच्या आळीत बऱ्याचदा बेकरीच्या दारातच अडकायचा.

आता सोसायटीत नाताळ आमच्यापेक्षा जोरात होतो. क्लबहाउसमध्ये झाड उभं राहतं, त्याला कापसाचं बर्फ लागतं. ज्या नगर जिल्ह्यात पावसाचाच भरवसा नाही, तिथल्या मुलीला हे बर्फ बघून काय वाटावं? बेथलेहेमातही बर्फ क्वचितच पडतं म्हणे. सेक्रेटरी मात्र दर वर्षी अदबीने विचारतात, 'ताई, तुमचा सण आहे, तुम्ही मार्गदर्शन करा. सांता नेमका कुठून येतो?' मला काय ठाऊक! आमच्या घरी तो कधी आलाच नाही. त्याला उतरायला चिमणी लागते; आमच्याकडे होती ती रॉकेलची. भेट म्हणून शाळेचे बूट मिळत, तेही एक नंबर मोठे, आणि ते बाबा दिवसाढवळ्या दुकानातून पायात घालून बघायला लावून आणत. तरी मी वाचून सांगितलं की, मूळचे संत निकोलस आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचे बिशप, चौथ्या शतकातले, आणि त्यांचा सण सहा डिसेंबरला. सेक्रेटरींनी ते वहीत लिहून घेतलं आणि सांताला लिफ्टने आणायचं ठरवलं. स्पीकरवर 'जिंगल बेल्स' लागलं. हे गाणं १८५७ साली बॉस्टनमध्ये छापलं गेलं. त्यात घोडा आहे, घसरगाडी आहे, बर्फ आहे. येशू नाही आणि नाताळही नाही. सोसायटीला ते म्हणूनच सोयीचं पडत असावं. कुणाची अडचण होत नाही, आणि 'तुमचं की आमचं' हा प्रश्न येत नाही.

आमचं खरं नाट्य चर्चमध्ये, संडेस्कूलच्या मुलांचं. हेरोद व्हायला सगळ्यांची झुंबड, कारण त्याला तलवार असते. योसेफ व्हायला कुणी तयार नसतं. त्याला बोलायला एक वाक्य नाही, आणि मरियेशेजारी उभं राहिलं की वर्षभर चिडवतात. मेंढपाळांना डोक्याला टॉवेल आणि अंगात कुणाचा तरी गाउन. एकदा मी सुचवलं, आपल्याकडे खरे मेंढपाळ आहेत, घोंगडी आणि काठी द्या की मुलांना. तर बाईंनी मला समजावलं की घोंगडी बायबलसारखी दिसत नाही. पुराव्याला खरा मेंढपाळ बोलवावा तर तोही मिळेना. नगर भागातले धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाट उतरतात आणि पावसाळ्यापर्यंत कोकणात असतात. त्यांच्यापैकी कुणी त्या रात्री माळावर शेकोटीशी बसला असेल, तर देवदूतांचा निरोप आधी त्याला मिळेल आणि मग आमच्या गाउनवाल्यांना. त्या वर्षी प्रयोगात गव्हाणीतली बाहुली पाय लागून दाबली गेली आणि तिने इंग्रजीत 'मम्मी' अशी हाक मारली. मरियेची भूमिका करणाऱ्या मुलीने तिला न डगमगता थोपटलं आणि दटावलं, 'गप, राजे आलेत.' आख्ख्या नाटकात खरं आईपण तेवढंच होतं.

आणि एवढं सगळं करून चोवीस तारखेच्या रात्री मन जड होतंच. पाय सुजलेले, तेलाचा वास केसांत, एक मुलगा टोरंटोला, दीर दोन वर्षं बोलत नाही, आणि दर वर्षी ज्यांना पहिला लाडू द्यायचा ते सासरे आता नाहीत. तरी त्यांच्या वाटणीचा लाडू बाजूला काढला जातो, आणि मग तो कुणी खावा यावर घरात वाद होतो. अशा वेळी मीच म्हणते, पुढच्या वर्षी काही करायचं नाही, नुसती उपासना आणि विकतचा फराळ. सासूबाई मान डोलावतात. जानेवारीत त्याच मला विचारतात, यंदा भाजणीत उडीद डाळ जास्त झाली होती का?

माझ्या लक्षात आलंय ते इतकंच. दिवाळीबद्दल मी आयुष्यात कधी कुरकुर केलेली नाही. काकूंकडचा फराळ खाते, कंदील बघते, रांगोळीचं कौतुक करते, दिवाळी मला दर वर्षी सुंदरच वाटते. कुरकुर काकू करतात : पूर्वीची दिवाळी राहिली नाही, अभ्यंगस्नानाला कुणी उठत नाही, सुना फराळ विकत आणतात. आणि नाताळ म्हटला की त्यांचा चेहरा खुलतो : तुमचा सण किती छान, किती शांत, नुसते दिवे आणि गाणी! पाहुण्याला सगळंच छान दिसतं. तक्रार करायला घरचंच माणूस लागतं. ग्रेगरी काय, आमचे पाळकसाहेब काय, किंवा पतंगी कागदासाठी झुरणाऱ्या सासूबाई काय, यांतलं कुणीही सण सोडून गेलं नाही. त्यांना तो आणखी नीट हवा होता. आपलं काही हरवतंय असं ज्याला वाटतं, त्याचंच ते असतं.

गेल्या नाताळात काकूंनी मला जिन्यात गाठलं. चेहरा फुगलेला. 'काय हो, कॅरोलवाली पोरं यंदा रात्री साडेअकराला आली! मी चहा दोनदा गरम केला. आणि पेटी कुठे होती? ते ड्रम काय बडवत होते! आणि तुमच्या लाडवात वेलदोडा कमी होता, मागच्या वर्षी बरोबर होता. छे, आता पूर्वीसारखा नाताळ राहिला नाही बघा.'

मी त्यांना घरात बोलावलं. सासूबाईंनी लगेच त्यांच्यासाठी खुर्ची ओढली आणि दोघी मिळून तासभर माझ्या पिढीवर बोलत बसल्या.