कॅमेरे आठ, मावश्या दोन

डोंबिवलीत हल्ली बारशाला नाव ठरायच्या आधी पाळणाघरात नाव नोंदवावं लागतं. पहिल्या दोन मुलांसाठी कायद्यानं सव्वीस आठवड्यांची पगारी रजा मिळते. मूल पालथं पडून मान वर करून जगाकडे बघायला लागतं, तेवढ्यात ती संपते. मग आई फास्ट लोकलच्या दारात आणि बाळ तळमजल्यावरच्या टू-बीएचकेत.

या टू-बीएचकेचं माहितीपत्रक वाचण्यासारखं असतं. हॉलला 'अ‍ॅक्टिव्हिटी झोन' म्हणतात, मोठ्या बेडरूमला 'नॅप रूम' आणि छोटीला 'लर्निंग स्टुडिओ'. बाल्कनीत हिरव्या गवताच्या रंगाचं प्लास्टिक अंथरलं की 'आउटडोअर प्ले' झाला. घसरगुंडी एवढी की वर बसलेल्या मुलाचे पाय खाली टेकलेलेच असतात. घसरायचं ते मनातल्या मनात. एसी आहे, रबरी मॅट आहे, रंगीत चेंडूंचा हौद आहे आणि शेवटी ठळक अक्षरांत, आठ कॅमेरे, 'लाइव्ह फीड आपल्या मोबाइलवर'.

मावश्या किती, हे पत्रकात नसतं. कुणी विचारतही नाही.

पालक काहीच विचारत नाहीत असं नाही हो. पाहणीला येताना दोन्हीकडचे आजी-आजोबा धरून सहा जण येतात आणि सगळे विचारतात. पाणी आरओचं का? मॅटला वास कसला येतोय? नाचणीचं सत्त्व घरी दळलेलं की विकतचं? एक बाबा 'करिक्युलम' विचारतात. चिरंजीव दहा महिन्यांचे आहेत. त्यांचा सध्याचा अभ्यासक्रम म्हणजे दिसेल ते तोंडात घालणं, आणि त्यात ते पहिल्या श्रेणीत आहेत. 'फोनिक्स कधी सुरू करता?' असंही विचारून होतं. 'तुमच्या मावश्या मुलांशी इंग्रजीत बोलतात ना?' हा प्रश्न विचारणाऱ्या आईची आई कोपऱ्यात उभी राहून नातवाला 'चिऊ बघ, काऊ बघ' करत असते. तिला कुणी करिक्युलम विचारत नाही.

एका बाईमागे मुलं किती, हा खरा प्रश्न. कंपन्यांनी चालवायच्या पाळणाघरांसाठी केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २०१८ साली किमान मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक सेविका आणि एक मदतनीस असावी, असं म्हटलं आहे. किमान, बरं का. गल्लीतल्या पाळणाघराला ही तत्त्वं बांधून घालत नाहीत, त्यामुळे तिथलं प्रमाण हे त्या दिवशी दुसऱ्या मावशी आल्या आहेत की नाही यावर ठरतं.

दुपारी एक ते तीन या वेळात एखाद्या पाळणाघरात जाऊन बघा. मावशी मांडी घालून बसलेल्या असतात. उजव्या हातानं एक बाळ थोपटायचं, डाव्या हातानं दुसरं, आणि पायाच्या अंगठ्यात साडीच्या झोळीची दोरी अडकवून तिसरं झुलवायचं. चौथं पाठीवर चढत असतं. पाचव्याची आई क्विनोआ देते आणि ते शेजारच्याच्या डब्यातला पोळीचा लाडू खातं. मावशींना हे ठाऊक आहे. रोज दोन लाडू जास्त द्या, असं त्यांनी लाडूवाल्या आईला हळूच सांगूनही ठेवलं आहे. (क्विनोआ मावशी खातात का, असा प्रश्न मी केला. 'पाखरांना घालते,' म्हणाल्या.) सकाळी दारात गळा काढून रडणारं मूल दोन मिनिटांत चेंडूंच्या हौदात असतं, आई मात्र दिवा स्टेशन जाईपर्यंत डोळे पुसत असते. मग ती मोबाइल उघडते. मूल हसताना दिसतं, आणि आता वेगळ्याच कारणानं रडू येतं.

कॅमेऱ्यांची चेष्टा करायची तर जरा जपून करायला हवी. २०१६ साली खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला झालेली मारहाण कॅमेऱ्यातच टिपली गेली होती. ती चित्रफीत ज्या आईबापांनी पाहिली, त्यांनी आयुष्यभर कॅमेरे मागितले तरी त्यांना हसायचा अधिकार कुणाला नाही. पण त्या धक्क्यातून आपण घेतलं काय? कॅमेरे घेतले. मावश्या घेतल्या नाहीत. मारहाण कॅमेऱ्यात दिसते. एका बाईच्या अंगावर अकरा मुलं आहेत हेही त्याच कॅमेऱ्यात दिवसभर दिसत असतं, फक्त ते बघायला कुणी मोबाइल उघडत नाही. जो तो आपलंच मूल मोठं करून बघतो.

आणि बघणारे तरी किती! आई ऑफिसातून बघते, बाबा मीटिंगमधून, आजी कोल्हापुरातून, मामा सिंगापुरातून. सिंगापूरची वेळ अडीच तास पुढे, त्यामुळे मामाला सगळं आधीच कळल्यासारखं वाटतं. पाळणाघर चालवणाऱ्या काकूंच्या ग्रुपवर संदेश पडतात: 'काकू, तीन नंबरच्या कॅमेऱ्यात उजव्या पायातला मोजा निघालेला दिसतोय.' कोल्हापूरहून येतं, 'त्याला पंख्याखालून उचला.' काकू बिचाऱ्या मोजा चढवायला उठतात, तोवर दुसरं मूल डावा काढून चावत असतं. आज शी झाली का, किती वेळा, रंग कोणता, याचा अहवाल संध्याकाळी ग्रुपवर येतो आणि त्याला लोक बदाम पाठवतात.

ताप ही वेगळी कला आहे. सकाळी मूल कोमट लागतं, रजा शिल्लक नसते, मग सात वाजता औषधाचं एक टोपण पाजायचं आणि 'रात्री नीट झोपला नाही, म्हणून जरा मलूल आहे' असं सांगून सोडून पळायचं. औषध अकरापर्यंत पुरतं. सव्वाअकराला फोन. पावसाळ्यात हात-पाय-तोंडाची साथ आली की एकाचे फोड चार दिवसांत सगळ्यांना, आणि मग 'तुमच्याकडे स्वच्छता नाही' हे पहिला ऐकवतो तो ज्याच्या घरून साथ आली तो.

हा सव्वाअकराचा फोन कुणाला जातो, तेही बघण्यासारखं आहे. प्रवेश अर्जावर पहिला नंबर बाबांचा असतो. फोन आईलाच जातो. काकूंना विचारलं, तर म्हणाल्या, 'बाबांना केला की ते विचारतात, आईला केलात का?' २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्याला दिवसाकाठी २८९ मिनिटं देतात आणि ते करणारे पुरुष ८८, असं निघालं. त्या ८८ मिनिटांत आईला फोन लावायचा वेळ धरलाय का, ते कळायला हवं.

कायद्याचंही बाबांशी असंच नातं आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यानं, पुढच्या दुरुस्तीनंतर, तीसपेक्षा जास्त बायका कामाला असतील तर पाळणाघर सक्तीचं केलं. त्यातून बालसंगोपन वाढलं किती देव जाणे, पण तिसापर्यंत मोजून थांबायला मालक चांगलं शिकले. बांधकाम मजुरांच्या १९९६ च्या कायद्यात हाच आकडा पन्नासच्या वर बायका असा होता. २०१७ च्या प्रसूती लाभ दुरुस्तीनं मोजणी बदलली: पन्नास कर्मचारी असतील, बाया-पुरुष कुणीही, तर पाळणाघर हवं. मूल होण्यात एका पुरुष कर्मचाऱ्याचाही हात असतो, हे सरकारच्या लक्षात आलं, असं वाटून मी सुखावलो होतो. पुढचं वाक्य वाचलं. दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाऊन यायची मुभा आहे, ती आईला. बाबांनी मोबाइलवर बघावं.

आता या सगळ्यावर एक वर्ग नाक मुरडून बसलेला असतो. रोज सकाळी त्यांचा एक संदेश फिरतो: पूर्वी एकत्र कुटुंब होतं, वाडे होते, मुलं अशी वाढायची की कळायचंही नाही. हे मात्र खरं आहे. तुम्हाला कळायचं नाहीच. सांभाळणारी कोण होती ते आठवून बघा. थोरली बहीण, आठ वर्षांची, कडेवर धाकट्याला घेऊन दारात उभी, शाळेतून काढलेली. किंवा ऐन तारुण्यात नवरा गेल्यामुळे भावाच्या आश्रयाला आलेली आत्या, दोन वेळच्या जेवणावर सगळ्या घराची मुलं मोठी करणारी. हे वाड्यातलं पाळणाघर. फी नाही, पगार नाही, रविवारची सुट्टी नाही, आणि घराण्याच्या फोटोत ती मागच्या रांगेत अर्धी कापलेली.

ते शाळेतून काढलेल्या बहिणीचं काही मी रचून सांगत नाही. आपल्याच तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, बोर्डीला, ताराबाई मोडकांनी १९४५ साली ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ सोबत होत्या. पोरी शाळेत का येत नाहीत, याचं उत्तर त्यांना पोरींच्या कडेवरच दिसलं. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणायचा प्रयोग झाला. धाकटं पाळण्यात, मधलं बालवाडीत, थोरली वर्गात. 'विकासवाडी' म्हणत त्याला. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. पाळणाघर नेमकं कुणाची सुटका करतं, हा प्रश्न विचारून पाळणाघर काढणाऱ्या या दोघी. आपण विचारतो, एसी किती टनाचा आहे.

तर मावशी. आमच्या इथल्या मावशी टिटवाळ्याहून येतात. दुसऱ्याची मुलं आठला घ्यायची म्हणजे स्वतःचं मूल साडेसहाला सोडायचं. धाकटी चार वर्षांची, ती शेजारणीकडे असते, तिथून अंगणवाडीत. अंगणवाडी म्हणजे २ ऑक्टोबर १९७५ पासून चालत आलेली योजना. पण ती दुपारी बंद होते, आणि मावशींची ड्युटी संध्याकाळी साडेसातला संपते. लोकल उशिरा धावत असतील तर आठला. गैरसोयीबद्दल रेल्वे दिलगीर असते, पालक लेट फी भरतात, ती काकूंच्या खात्यात जाते. २०२२ पासून मिशन शक्तीखाली 'पाळणा' नावाची योजना आहे, अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं. कल्पना उत्तम. त्याआधीच्या २०१७ च्या राष्ट्रीय योजनेत पाळणाघराच्या सेविकेला महिन्याला ३,००० आणि मदतनीस बाईला १,५०० रुपये मानधन होतं. मानधन म्हणायचं, कारण पगार म्हटला की आकडा लाजिरवाणा दिसतो.

सोसायटीचं राहिलंच. प्रत्येक वार्षिक सभेत 'निवासी जागेचा व्यावसायिक वापर' या विषयावर पाऊण तास भाषणं होतात. मुलं दुपारी रडतात, बाबागाड्या पॅसेजमध्ये असतात, टाकीतलं पाणी लंगोट धुण्यात संपतं. (लंगोट! सगळे डायपरवाले आहेत. पण सचिवांचं लहानपण अजून टाकीत पाणी शोधतंय.) यंदा सचिवांच्या मुलीचं बाळंतपण झालं. त्यांनी ठरावाचा कागद घडी घालून खिशात ठेवला आणि सभासदांना फीमध्ये काही सवलत असते का, असं काकूंना जिन्यात विचारलं.

गेल्या महिन्यात पालकसभा झाली. विषय दोन. पहिला, कॅमेऱ्यांना आवाजही हवा. दृश्य आहे, पण मावशी मुलांशी काय बोलतात ते कळत नाही. प्रत्येकाला थोडा भार पडेल. पाच मिनिटांत एकमतानं मंजूर. दुसरा विषय काकूंनी भीतभीत मांडला: मावशींचा पगार वाढवायचाय आणि तिसरी बाई घ्यायचीय, त्यासाठी फी जराशी वाढवावी लागेल. शांतता. मग एक जण म्हणाला, पुढच्या टर्मला बघू. एकीनं विचारलं, बाईची पोलिस पडताळणी झालीय का? एकानं सुचवलं, दिवाळीला सगळ्यांनी मिळून साडी देऊ या की. छान रंगाची.

उठता उठता एका बाबांनी हात वर केला. रोज दुपारी दोनच्या सुमाराला मोठ्या मावशी तीन-चार मिनिटं मोबाइलवर असतात, मुलं झोपलेली असली तरी लक्ष असायला हवं, माझ्याकडे स्क्रीनशॉट आहेत. काकू म्हणाल्या, 'दोनला तिच्या मुलीची अंगणवाडी सुटलेली असते. शेजारीण तिला घेऊन घरी पोचली का, तेवढं विचारते ती.'

सगळे गप्प. बाबाही जरा ओशाळले.

'हो का? मग करू दे की,' ते म्हणाले. 'फक्त कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा ठिकाणी जाऊन करायला सांगा. बघताना आम्हाला कसंतरी होतं.'