दाजी, जरा चमकवून द्या

एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या माणसाबद्दल नातेवाइकांचा एक पक्का समज असतो : त्याच्याकडे सगळं असतं आणि ते फुकट असतं. कुणाच्या गेटची कडी तुटो, कुणाला टाकीखाली स्टँड हवा असो, सगळ्यांच्या नजरा सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीकडे वळतात. मी तिथल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. वेल्डिंगशी माझा संबंध रॉडच्या पाकिटांची नोंद ठेवण्यापुरता. पण सासुरवाडीला हे पटत नाही. त्यामुळे मेहुण्याने स्वतःच्या हाताने गिटार बनवली, तेव्हा ती शेवटी माझ्या गळ्यात पडणार हे विधिलिखितच होतं.

"दाजी, लाकूडकाम झालं, क्लिअर कोटपण मारून घेतला. आता जरा चमकवून द्या."

गिटार खरोखर देखणी होती. पाठ शिसवाची, मान जुन्या सागवानी तुळईतून काढलेली. क्लिअर कोट मात्र ट्रकवर मारतात तो, हार्डनर घालून, हायवेवरच्या एका गॅरेजातल्या मामांच्या गनमधून उडवलेला. मामांनी आधी विचारलं होतं म्हणे, "हा कुठल्या गाडीचा पार्ट?" यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. 1920च्या दशकात अमेरिकेत मोटारींसाठी 'ड्यूको' नावाचा झटपट वाळणारा लॅकर आला आणि त्याच जातीचा लॅकर गिटारींवरही चढला. फेंडर कंपनीचा प्रसिद्ध 'फिएस्टा रेड' हा तर फोर्डच्या थंडरबर्ड गाडीचा रंग. म्हणजे गिटार आणि गॅरेज यांची सोयरीक जुनी आहे.

लांबून गिटार आरशासारखी दिसत होती. जवळून बघितलं तर संत्र्याची साल. या धंद्यात त्याला 'ऑरेंज पील'च म्हणतात. गनमधून उडालेले थेंब लाकडावर पडून एकमेकांत मिसळायला, सपाट व्हायला थोडा अवधी लागतो. तेवढा वेळ थिनर ओला राहायला हवा. सोलापूरच्या मे महिन्यात, पारा त्रेचाळीसला टेकलेला असताना, थिनर लाकडावर पोचायच्या आधीच विजापूर रस्त्याला लागलेला असतो. अशा हवेत सावकाश उडणारा थिनर घ्यायचा असतो. पण मामांकडे होता तो घाईचा, आणि मेहुणाही घाईचा.

यावर उपाय एकच, पाणी लावून घासणे. हजारचा वॉटर पेपर, मग पंधराशे, मग दोन हजार. पाण्यात साबणाचे दोन थेंब, पेपरखाली रबराचा ठोकळा, आणि हात हलका. आता सोलापुरात उजनी धरण भरलेलं असो की आटलेलं, नळाला पाणी येतं ते काही दिवसांआड. मी मोरीत बादली घेऊन बसल्यावर पहिला आवाज स्वयंपाकघरातून आला. "अहो, प्यायचं पाणी लाकडाला पाजताय?" दुसऱ्या दिवशी गिटार चिंचोळीला, स्टोअरच्या मागच्या शेडमध्ये हलली.

या कामाची गंमत अशी की चमक आणायला आधी चमक घालवावी लागते. हजारचा पेपर फिरला की काचेसारखा कोट दुधाळ, मलूल होतो. मेहुण्याने ते रूप पाहिलं आणि तो मटकन खुर्चीवर बसला. मग रबराच्या पट्टीने पाणी ओढून घ्यायचं आणि उजेडाकडे तिरकं धरायचं. पांढुरक्या पृष्ठभागावर खसखशीएवढे ठिपके चकाकताना दिसतात. ते खळगे. पेपर अजून तिथवर पोचलेला नसतो. जिथे चमकतंय तिथे काम बाकी आहे, असा हा उलटा न्याय. सगळीकडे सारखी मरगळ पसरली की पुढचा नंबर घ्यायचा. पण घासायचं तरी किती? अख्खा कोट जेमतेम केसाएवढा जाड, कडांवर त्याहूनही पातळ, कारण ओला रंग कडेवरून मागे सरतो. शिवाय हार्डनरवाला कोट एकदा पक्का झाला की वरचा थर खालच्यात विरघळत नाही. घासताना एका थरातून दुसऱ्यात गेलात की नकाशातल्यासारख्या रेघा उमटतात, आणि त्या कुठल्याही पॉलिशने जात नाहीत.

पंधराशेच्या पेपरचा कण साधारण बारा मायक्रॉनचा. नंतर लावायच्या पॉलिशिंग कंपाउंडचे कण त्याहून बारीक. प्रकाशाची लहर अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. ओरखडे तिच्याहूनही बारीक झाले की प्रकाश अडखळत नाही आणि आपण म्हणतो, काय चमकतंय! म्हणजे ओरखडे जात नाहीत, फक्त डोळ्यांना पकडता येत नाहीत. आमच्या कारखान्याचं वार्षिक ऑडिट याच शास्त्रावर चालतं, हे मला त्या शेडमध्ये कळलं.

चहाच्या सुट्टीत प्रेक्षक जमू लागले. क्वालिटीतल्या मुलाने ग्लॉस मीटर कुठे मिळेल याची चौकशी केली. गेटवरचा वॉचमन रोज येऊन उभा राहायचा.

"साहेब, काय करालाव?"

"गिटार घासतोय."

"वाजवायला येती का?"

"नाही."

"मग बरोबर."

शेवटी कंपाउंड आणि बफिंग. इथे मामा स्वतः मशीन घेऊन आले. कडांना टेप लावली, मशीनचा वेग कमी ठेवला आणि एकच नियम सांगितला. पॅड कडेवरून बाहेर सुटलं पाहिजे, आत शिरता कामा नये. नाहीतर गिटार हातातून सुटते आणि मोहोळला उतरते. एका जागी थांबायचंही नाही, कोट तापून मऊ पडतो. पुसायला मात्र मायक्रोफायबरचं कापड हवं, असं त्यांनी बजावलं. टर्किश टॉवेलांसाठी ओळखल्या जाणाऱ्या सोलापूरचा रहिवासी मी, बाहेरून फडकं मागवून बसलो. हे गावात कुणाला सांगितलेलं नाही.

तसं पाहिलं तर वाद्याला पॉलिश हे आपल्या भागाला नवं नाही. मिरजेच्या सतारमेकर घराण्यांचे पूर्वज शिकलगार. तलवारींना धार आणि झिलई देणारे हे हात एकोणिसाव्या शतकात लढायांचं काम संपल्यावर सतार-तंबोऱ्याकडे वळले. भोपळे आमच्या जिल्ह्यातले, पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे. 2024 मध्ये जीआय मानांकन मात्र मिरजेच्या नावावर. तिथलं जुनं पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, कापडाच्या बोळ्याने हळूहळू चढवलेली. नवा थर जुन्यात विरघळतो, त्यामुळे पुढे ओरखडा पडला तरी तेवढाच भाग दुरुस्त होतो. उगाच नाही शिकलगार. ओरखडे पडणारच हे त्यांना युद्धापासून माहीत होतं.

गिटार चमकली. एवढी चमकली की सासूबाईंनी तिच्यात बघून कुंकू सारखं केलं. आता मेहुणा ती वाजवत नाही. हाताचा घाम लागेल, पट्ट्याचं बक्कल घासेल, शेंगाचटणीचं बोट लागेल. ती सोलापुरी चादरीत गुंडाळून कपाटात असते, आणि पाहुणे आले की दर्शनाला बाहेर येते.

तिकडे अमेरिकेत गायक विली नेल्सनने 1969 पासून एकच मार्टिन गिटार वाजवून वाजवून तिला भोक पाडलं आणि ती जगप्रसिद्ध झाली. ज्यांना एवढी वर्षं थांबायला वेळ नाही त्यांच्यासाठी फेंडरने 1995 मध्ये 'रेलिक' गिटारी काढल्या : कोऱ्या करकरीत, पण ओरखडे, पोचे आणि उडालेला रंग कारखान्यातूनच तयार. त्यासाठी लोक वर जादा पैसे मोजतात. मी हे मेहुण्याला सांगितलं नाही, सांगितलं मामांना. त्यांनी बफिंग मशीन खाली ठेवलं, हायवेवरून उलट्या बाजूने येणाऱ्या ट्रॅक्टरकडे बघितलं आणि म्हणाले, "साहेब, पोचे पाडायचे पैसे मिळत असतील तर पहिलं सांगायचं ना. इथं सगळी माणसं तयार आहेत."