एकदम फायनल

डोंबिवली असो, कोथरूड असो की नाशिकचं इंदिरानगर, प्रत्येक सोसायटीत एक तरी बजेटवीर राहतो. वय सतरा ते सत्तावीस. पन्नास हजारांत गेमिंग पीसी बसवायचा, हा त्याचा ध्यास. गेम मात्र तो फारसा खेळत नाही. वेळच कुठे असतो त्याला?

त्याची सगळी इस्टेट एका एक्सेल शीटमध्ये असते. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड, पॉवर सप्लाय, कॅबिनेट अशा सात ओळी आणि खाली बेरीज. फाइलचं नाव 'फायनल'. तिच्या शेजारी 'फायनल नवीन', 'एकदम फायनल' आणि 'आईशप्पथ फायनल'.

पन्नास हजार हा आकडा बाबांना सांगण्यापुरता. सुरुवात चार कोअरच्या आय-थ्रीपासून होते. थोडे वर टाकले की सहा कोअरचा रायझन ५ ५६०० येतो, हे कळल्यावर आय-थ्रीकडे तो पुन्हा ढुंकूनही बघत नाही. प्रोसेसर दमदार घेतला, मग बोर्ड फालतू कसा चालेल? बोर्ड चांगला घेतला, मग रॅमची १६ जीबीची एकच स्टिक कशी लावायची? आठ-आठच्या दोन लावल्या की ड्युअल चॅनेल मिळतं, गेम जास्त पळतो. (हे खरं आहे. त्याचं बहुतेक सगळं खरंच असतं, तीच तर पंचाईत आहे.) मग ग्राफिक्स कार्ड. "आठ जीबीचं घेऊन दोन वर्षांनी रडायचं, त्यापेक्षा बाराचं ३०६० घेऊन टाकू!" बेरीज चौऱ्याहत्तर हजारांवर जाते. मग रात्री दोनपर्यंत कापाकापी. एसएसडी अर्धी होते, कॅबिनेट पत्र्याचं होतं आणि पहाटे आकडा पन्नासवर येऊन बसतो.

त्यात मॉनिटर, कीबोर्ड, माउस आणि विंडोज धरलेलंच नसतं.

"आणि बघायचं कशात?" बाबा विचारतात.

"ते बघू नंतर."

"बरं, अभ्यासाला हवाय म्हणतोस, मग पंख्यांना हे रंगीत दिवे कशाला?"

"आरजीबीशिवाय पंखे हल्ली मिळतच नाहीत, बाबा." हे मात्र धादांत खोटं. आई स्वयंपाकघरातून निकाल देते, "असू देत हो, मखराला होतील."

मग शनिवारी मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या काँप्युटर बाजाराची वारी. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं आणि चालत सुटायचं. रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण त्या नावाने पत्ता विचारलात तर लोक तुम्हाला पाहुणे समजतील. आपला वीर पहिल्याच दुकानात दीड तास काढतो. कोटेशन घेतो. ते शेजारच्याला दाखवतो. शेजारचा दोनशेने खाली येतो. तो कागद घेऊन हा पुन्हा पहिल्याकडे! तिसऱ्या फेरीला दुकानदार कॅल्क्युलेटर उचलतच नाही, नुसता बघतो. शेवटी कंटाळून म्हणतो, "कॅबिनेट ले लो, एसएमपीएस फ्री में देता हूँ."

इथे बजेटवीराचा चेहरा पालटतो. शंभर रुपयांसाठी तासभर भांडणारा हा पोरगा एसएमपीएसमध्ये, म्हणजे पॉवर सप्लायमध्ये, एक रुपयाही वाचवायला तयार नसतो. फुकटातला डबा एकदा जळला की जाताना मदरबोर्ड आणि कार्डालाही सोबत नेऊ शकतो, हे त्याला पाठ असतं. डब्यावर '८० प्लस ब्राँझ' लिहिलंय म्हणून तो भुलत नाही. तो शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो, माल टिकेल की नाही ते सांगत नाही, असं तो दुकानदारालाच ऐकवतो. त्या एका क्षणी तो मला फार थोर वाटतो.

एवढं करून तो घेत काहीच नाही. "आत्ता थांबायला पाहिजे," हे त्याचं आवडतं वाक्य. २०२१मध्ये तो थांबला, कारण क्रिप्टोवाल्यांनी मायनिंगसाठी ग्राफिक्स कार्डं उचलली होती आणि भाव आभाळाला टेकले होते. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं, जुनी कार्डं बाजारात स्वस्तात आली, तरी तो थांबला. कारण ती रात्रंदिवस राबलेली कार्डं. त्याच सुमारास रायझनचं एएम५ सॉकेट आलं. त्याला डीडीआर५च रॅम लागते आणि ती तेव्हा महाग, म्हणून पुन्हा थांबला. ती स्वस्त झाली तेव्हा पुढच्या पिढीची कार्डं येणार होती. ती आली आणि २०२५च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा एवढा फडशा पाडला की रॅमचे भाव भडकले. आता तो रॅम उतरायची वाट बघतोय. तोवर बाबांच्या जुन्या डबड्यावर, सगळ्या सेटिंग्ज 'लो' करून, घरघर ऐकत व्हॅलोरंट चालू आहे.

दुसऱ्याला सल्ला देताना मात्र तो क्षणभरही थांबत नाही. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी काकांना मेंटेनन्सची बिलं काढायला एक साधा काँप्युटर हवा होता. त्यांनी चुकून याला विचारलं. आठवड्याभरात ऑफिसात काचेच्या कॅबिनेटमध्ये तीन पंखे इंद्रधनुष्यासारखे फिरू लागले. स्क्रीन काळीच राहिली तेव्हा यानेच वाकून मागे पाहिलं. केबल काकांनी ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डला लावली होती आणि प्रोसेसर नावापुढे 'एफ' असलेला, म्हणजे ज्यात स्वतःचं ग्राफिक्सच नसतं असा. तीही केबल नीट लावून झाली. काका आता पार्किंगच्या थकबाकीचा तक्ता १४४ हर्ट्झवर बघतात. मशीन एकदाही अडकलेलं नाही.

तेव्हा तुमच्याकडे पीसी घ्यायचा असेल तर यादी बिनधास्त अशाच एखाद्याकडून करून घ्या. काय काम आहे ते मात्र आधी कागदावर लिहून द्या, आणि यादी हातात पडली की त्याच दिवशी सामान आणा. दुसऱ्या दिवशी ती बदललेली असते.