नव्व्याण्णवच्या बॅचचे मालक

आमची सानगडीच्या हायस्कूलची दहावीची बॅच मार्च 1999 ची. परीक्षेच्या वेळी सगळे एकाच जिल्ह्याचे होतो. अर्जुनी मोरगावच्या बाजूने सायकली हाणत येणारी पोट्टी पेपर देऊन घरी गेली आणि 1 मे ला घरासकट नव्या गोंदिया जिल्ह्यात गेली. जूनमध्ये निकाल लागला तोवर वर्गात पास-नापास यांच्या जोडीला भंडारा-गोंदिया अशीही वाटणी झालेली होती. ही वाटणी आजतागायत नामंजूर असलेला माणूस सानगडीत एकच, आमचे बॅचवाले भाऊ.

असा एक जण प्रत्येक हायस्कूलच्या प्रत्येक बॅचला असतोच. हुशार नागपूरला जातात, त्याहून हुशार पुण्याला, आणि हा गावात राहतो. आमच्या भाऊंची धानाची शेती आहे आणि बिछायत केंद्र आहे. म्हणजे खुर्च्या, सतरंज्या, माइक, पातेली सगळं घरचंच. एवढं सामान दारात पडून असल्यावर माणसाला कुणाला तरी एकत्र आणावंसं वाटणारच. लग्नसराई संपली की ती खुमखुमी आमच्यावर निघते.

भाऊंकडे एक लांबट हिशेबवही आहे. नाव, रोल नंबर, मोबाइल, वर्गणी आणि शेवटी 'शेरा'. वर्गणीचा रकाना बराचसा कोरा आहे. खरं वाचन शेऱ्यात. 'पुणे. हो म्हणते, येत नाही.' 'फोन बायको उचलते.' 'साळ्याचं लग्न (दरवर्षी).' 'दोनशे देऊन फोटोत मधात बसला.' एका नावापुढे नुसतं 'गोंदिया जिल्हा. तरी येते.' असं आहे आणि त्याखाली कौतुकाने दोन रेघा मारल्या आहेत. मुलींची नावं माहेरच्या आडनावाने. मोबाइलमध्ये तर 'खिडकी दुसरा बेंच' अशा नावाने एक नंबर सेव्ह आहे. त्यावरून घरी काय रामायण झालं ते भाऊ सांगत नाहीत, वहिनी सांगतात.

मुलींचे हे नंबर मिळाले मंडईत. दिवाळी झाली की आमच्याकडे एकेका गावाची मंडई भरते, दिवसा दंडार, रात्री नाटक. लेकी माहेरी येतात. भाऊ नाटकाच्या मंडपाचं काम घेतात, त्यामुळे प्रत्येक मंडईत हजर. तिथे एखाद्या पूर्वीच्या वर्गमैत्रिणीच्या भावाला गाठून, चहा पाजून, "ताईचा नंबर दे ना बाप्पा, बॅचचं काम आहे" म्हणायचं. दहावीत जिच्या नावाने अर्धा वर्ग उसासे टाकायचा ती आता सगळ्यांची ताई आहे. भाऊंचीच सर्वांत जास्त.

तारीख ठरवणं हे मात्र भाऊंनाही जड जातं. पुण्यावाल्यांना दिवाळीची सुट्टी सोयीची, तर गावातल्यांचा तेव्हाच हलका धान कापणीला आलेला. जरा पुढे ढकलावं तर भारी धान. त्यात 2024 ला पंचविसावं वर्ष आणि नेमकी 20 नोव्हेंबरला विधानसभा. बॅचमधले मास्तर निवडणुकीच्या ट्रेनिंगला, माइकला आचारसंहिता आडवी. भाऊंनी तरीही मंडप टाकला. मंडप दिसला की उमेदवार उतरतो, तसा एक उतरलाच. हात जोडून पहिल्या रांगेपासून सुरुवात केली. पहिला निघाला अर्जुनी मोरगाव मतदारसंघाचा, दुसरा नागपूरचा, तिसरी रायपूरला दिलेली. साकोली मतदारसंघातलं मत सापडेपर्यंत उमेदवाराचा धीर संपला. चहा तसाच ठेवून गाडी निघाली. भाऊ म्हणाले, "पाहा, फाळणीचा हा एक फायदा झाला."

मग सरांचा सत्कार. शाल, श्रीफळ, आणि प्रत्येकाने पाया पडून विचारायचं, "ओरखलंत का सर?" सर सगळ्यांना ओळखलं म्हणाले आणि भाषणात तळमळीने दुसऱ्याच बॅचच्या आठवणी सांगितल्या. गॅदरिंगला पेटी वाजवणारा मुलगा, सहलीला नवेगावबांधच्या तलावात पडलेला मुलगा. आमच्यात पेटी कुणीच वाजवत नव्हतं. पण भाऊंनी टाळी वाजवली, म्हणून आम्हीही वाजवली, आणि जेवणाच्या पंगतीत दोघं तिघं आपणच पडलो होतो असं सांगू लागले.

कारण भाऊंचा खरा धंदा हाच आहे. आमच्या सामाईक आठवणी त्यांच्याकडे बिछायतीसारख्या भाड्याने मिळतात. वर्गात साप निघाल्याची गोष्ट घ्या. मला आठवतं ते एवढंच की एक धामण खिडकीखालून गेली आणि गणिताचा तास बुडाला. भाऊंनी पहिल्या स्नेहमिलनात तिला वर्गात आणलं, पुढे तिला फणा फुटला. पंचविसाव्या वर्षी ती सानगडीच्या किल्ल्यातून उतरलेला जुनाट नाग झाली होती, सर टेबलावर चढले होते, आणि त्या दिवशी तापाने घरी झोपलेला एक जण "माझ्या पायावरून गेला बे!" म्हणून शपथ घेत होता. मी दुरुस्ती करायला तोंड उघडलं तर 'खिडकी दुसरा बेंच' ताईच म्हणाल्या, "तू मागे बसायचास, तुला काय दिसणार?" त्यांनी तो नाग स्पष्ट पाहिला होता.

बॅचमध्ये कोण बसतं, कोण नाही, याबाबत भाऊ तहसीलदाराहून कडक. आठवीत शाळा सोडलेल्याला प्रवेश आहे, "गरिबी होती त्याची" म्हणून. पण नववीपर्यंत आमच्यात असून दहावीला साकोलीच्या शाळेत गेलेल्या एकाला अजून ग्रुपमध्ये घेतलेलं नाही. तो आता मोठा अधिकारी आहे, वर्गणी भरपूर देईल, असं कितीदा सुचवून झालं. भाऊंचं उत्तर ठरलेलं, "दाखला नेला ना त्यानं?"

आता कागदच काढायचे तर, भाऊंचा इंग्रजीचा पेपर मार्चमध्ये राहिला होता. ते ऑक्टोबरला सुटले. नागपूर बोर्डाच्या हिशेबाने बॅचचा मालक बॅचमध्ये बसतच नाही. हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी बोलत नाही. पंचविसाव्या वर्षी मात्र एका मास्तरमित्राने फ्लेक्सचा मजकूर तपासताना सहज म्हटलं, "नुसतं 1999 काय लिहिलं भाऊ? मार्च टाका ना, बरोबर दिसंल."

भाऊंनी फ्लेक्सकडे पाहिलं. मंडपाच्या रुंदीचा फ्लेक्स, उजवीकडे हात जोडलेले भाऊ, बाकी निळं आभाळ आणि दोन कबुतरं.

"जागा नाही पुरत बे," भाऊ म्हणाले.