रिसेप्शनच्या सुटास जाहीर नकारपत्र

प्रति,
रिसेप्शनचा सूट,
रंग मोरपंखी, कॉलर सॅटिनची,
मुक्काम लोखंडी कपाट, डावा कप्पा.

विषय: फोर्टमधील सॉलिसिटर पेढीच्या मुलाखतीस जाण्याबाबतचा अर्ज नामंजूर करण्याबाबत.

वकिलांची पेढी, बँक, विमा कंपनी, चार्टर्ड अकाउंटंटची फर्म अशा जुन्या वळणाच्या ठिकाणी मुलाखतीला घालावयाचा सूट एकाच कसोटीवर निवडला जातो. उमेदवार दाराबाहेर पडल्यावर त्याच्या अंगात काय होते, हे समितीतल्या कोणालाही आठवता कामा नये. अर्जदार सूट तीन लग्नसराया गाजवून आहे आणि मंगल कार्यालयातल्या आचाऱ्यापर्यंत सर्वांच्या लक्षात आहे. अर्ज फेटाळायला एवढे कारण पुरेसे होते. तथापि 'कपाटात नुसता लोंबतोय, पुन्हा खर्च कशाला' असा घरातील ज्येष्ठांचा शेरा अर्जावर असल्याने कारणे सविस्तर देणे भाग आहे.

रंगाची बाब सर्वांत सोपी. गडद निळा किंवा कोळशासारखा करडा, यापलीकडे अशा मुलाखतीत तिसरा रंग नाही. निळा इतका गडद असावा की ट्यूबलाइटखाली काळा वाटावा आणि खिडकीशी गेल्यावर निळा निघावा. थेट काळाच घेण्याकडे अनेकांचा कल असतो, कारण तो म्हणे कशावरही जातो. इंग्रजी रिवाजात काळा सूट अंत्यविधीचा आणि रात्रीच्या मेजवानीचा. मुंबईत तो बँक्वेट हॉलच्या कॅप्टनचाही असल्याने, लॉबीत ताटकळणाऱ्या उमेदवाराकडे कोणी पाणी मागितले तर तक्रारीला जागा राहत नाही. मोरपंखीचा उल्लेख यात कुठेच येत नाही, हे अर्जदाराच्या ध्यानात आले असेल.

निळ्या सुटाबद्दल एक गोष्ट थट्टा बाजूला ठेवून नोंदवली पाहिजे. महाराष्ट्रात गावोगावच्या चौकांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे पुतळे निळ्या कोटात, हाती राज्यघटना घेऊन उभे आहेत. ज्यांनी काय ल्यावे आणि काय नेसावे हेही पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांनी ठरवले, त्यांना त्या कोटाचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही. घरातले पहिलेच कोणी कोट घालून मुलाखतीला निघते तेव्हा सगळी आळी दारात येते, ती काही कापड बघायला नव्हे.

कापड हाच अर्जदाराचा खरा दुबळा मुद्दा. तो टेरी-रेयॉनचा, म्हणजे पॉलिएस्टर आणि व्हिस्कोसच्या मिश्रणाचा आहे. असे कापड स्वस्त पडते, चुरगळतही नाही. पण त्यातून हवा खेळत नाही आणि दिव्याखाली ते चकाकते. ही चकाकी स्टेजवरच्या हॅलोजनला शोभते, टेबलापलीकडच्या तीन चष्म्यांना खुपते. मुलाखतीचे कापड वर्स्टेड लोकरीचे असते. त्याचे सूत कातण्याआधी लोकरीचे लांब तंतू विंचरून एका दिशेला आणलेले असतात, म्हणून ते गुळगुळीत, पातळ आणि तरी अंगावर नीट पडणारे निघते. लोकर म्हटल्यावर मराठी माणसाला महाबळेश्वरचा स्वेटर आठवतो आणि त्याला तिथेच घाम फुटतो. मीटरला 250 ग्रॅमच्या आसपास भरणारी लोकर मात्र मुंबईतही पॉलिएस्टरपेक्षा सुसह्य असते. ती परदेशातूनच यायला हवी असेही नाही. रेमंड हे नाव घराघरांत नेणारी ठाण्याची गिरणी 1925 सालची.

कापडाच्या काठावर 'सुपर 100', 'सुपर 120' असे आकडे विणलेले दिसतात. ते तंतूची बारीकी सांगतात. 100 ला तंतूची जाडी फार तर 18.75 मायक्रॉन, 120 ला 17.75. आकडा चढतो तसे कापड मऊ होते आणि तितकेच नाजूकही. पहिल्या सुटाला 100 ते 120 पुरे. दुकानदार 150 चा ताका उलगडतो तेव्हा नोकरी लागलीच आहे असे गृहीत धरून चाललेला असतो. शिवून घ्यायचे तर कोट आणि पँट मिळून दुहेरी पन्ह्याचे सुमारे सव्वातीन मीटर लागते.

कोटाची छाती ताठ राहावी म्हणून कापड आणि अस्तर यांच्यामध्ये एक थर असतो. तो टाक्यांनी धरलेला असेल तर कोट वर्षानुवर्षे चालतो. गरम दाबून चिकटवलेला असेल, तर काही ड्रायक्लीननंतर छातीवर पापडासारखे फुगे उठू लागतात. अर्जदाराच्या डाव्या छातीवर असे दोन फुगे आहेत. तिथला साखळीचा ब्रोच शोभेसाठी लावला होता, असे आजवर सांगण्यात येत होते.

मापाच्या बाबतीत अर्जदाराची बाजू थोरल्या भावाने मांडली, कारण माप त्याचेच आहे. शिलाईत जवळपास सगळे निभावते. बाही आखूड होते, कंबर घेता येते, पँटचा घेर कमी होतो. खांदा उसवून पुन्हा बसवणे म्हणजे मात्र कोट नव्याने शिवणे, आणि शहाणा शिंपी त्याला हात लावत नाही. परीक्षा घरच्या घरी करता येते. कोट घालून भिंतीला एका अंगाने टेकत जावे. दंडाआधी खांद्याचे पॅड भिंतीला लागले तर कोट मोठा. अर्जदाराचे पॅड दंडाच्या दोन बोटे आधी भिंतीला पोचले. 'थोडा मोठाच बरा, वाढत्या अंगाचा' हा न्याय शाळेच्या गणवेशाला ठीक आहे. सव्विसाव्या वर्षी अंग वाढते ते पोटाकडून, खांद्याकडून नाही.

बाही मनगटाच्या हाडापाशी संपते आणि तिच्याखालून शर्टाचा कफ सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर डोकावतो. त्यासाठी आत पूर्ण बाहीचा शर्ट असावा लागतो. हे सांगण्याचे कारण असे की उकाड्यावर उपाय म्हणून कोटाआड हाफ शर्ट घालणारे उमेदवार आहेत, आणि ते हस्तांदोलनाला हात पुढे करताच पकडले जातात. बटण लावल्यावर पोटावर ताणाच्या सुरकुत्यांची फुली उमटली तर कोट घट्ट. पँट बेंबीच्या जरा खाली बसते आणि बुटावर तिची एकच हलकी घडी पडते.

सॅटिनची गोल कॉलर ही टक्सिडोची, म्हणजे रात्रीच्या मेजवानीची खूण. कचेरीच्या सुटाची कॉलर खाचेची, साधारण तीन ते साडेतीन इंच रुंद असते; समोर एकाखाली एक दोन बटणे. त्यांतले वरचे लावतात, खालचे कधीही नाही. या प्रथेचे श्रेय राजा सातवा एडवर्ड याच्या पोटाच्या घेराला दिले जाते. खरेखोटे काही असो, आता कोट कापलाच तसा जातो, त्यामुळे खालचे बटण लावले की तो कमरेखाली ओढला जातो. बसताना वरचेही सोडतात.

नव्या कोटाच्या मागच्या चिरेवर दोऱ्याची फुली घातलेली असते आणि बाहीवर मिलच्या नावाची पट्टी टाचलेली असते. फुली दुकानातून घरी येईपर्यंत चीर विस्कटू नये म्हणून, पट्टी गिऱ्हाइकाला नाव वाचता यावे म्हणून. पहिल्यांदा घालण्याआधी दोन्ही कच्चे टाके कापून टाकायचे असतात. अर्जदाराने ते तीन लग्ने, दोन बारशी आणि एक मुंज होईपर्यंत जपले. बाहेरचे खिसे शिवलेले आले तर ते मात्र तसेच राहू द्यावेत. उघडले की त्यांत मोबाइल, किल्ल्या आणि बडीशेपेची पुडी शिरते.

बाकीचे लवकर आटोपते. शर्ट पांढरा, टायचे टोक बेल्टच्या बकलाशी, बूट काळे आणि नाडीचे, बेल्ट त्याच रंगाचा. मोजे पोटरीपर्यंत हवेत, कारण पायावर पाय टाकल्यावर उघडी पडलेली नडगी समितीच्या पक्की लक्षात राहते. स्त्री उमेदवारांना साडी, सलवार-कमीज आणि पँटसूट असे तीन रस्ते खुले आहेत. इस्त्री आणि रंग यांबाबतची कसोटी तीच.

हवामानाबद्दल अर्जदाराने घेतलेला आक्षेप मात्र रास्त आहे. बार कौन्सिलच्या नियमांनुसार सर्वोच्च आणि उच्च न्यायालये वगळता इतरत्र उन्हाळ्यात वकिलाला काळ्या कोटाची सक्ती नाही. मुलाखतीच्या सुटाला अशी सूट नाही. ऑक्टोबरच्या उन्हात विरार लोकलने चर्चगेटला उतरायचे असल्यास कोटाने हातावर बसून प्रवास करावा: आतली बाजू बाहेर, एक खांदा दुसऱ्यात बसवलेला, उभी घडी. अंगात तो लिफ्टपाशी चढतो. वरच्या मजल्यावर सूटवाल्यांना उकडू नये म्हणून एसी सोळा अंशांवर असतो, आणि एसी सोळावर असल्यामुळे सूट घातल्याशिवाय तिथे बसवत नाही. ही व्यवस्था कोणी सुरू केली याचा शोध घेणे समितीच्या अधिकारकक्षेबाहेरचे आहे.

सबब, अर्ज नामंजूर करण्यात येत आहे. रिक्त जागेवर गडद निळा, खाचेच्या कॉलरचा, दोन बटणी आणि धाकट्याच्याच खांद्याचा सूट नेमण्यात येत असून शिंप्याला पंधरा दिवसांची मुदत दिली आहे. शिंप्याचे पंधरा दिवस म्हणजे महिना, हे धरूनच उमेदवाराने माप द्यायला जावे. अर्जदाराने तुळशीच्या लग्नानंतर पुन्हा संपर्क साधावा.

आरशाच्या आदेशानुसार व नावाने,
निवड समिती

सोबत: डांबरगोळ्या, दोन नग.
प्रत: थोरला भाऊ, माहितीसाठी, कोपऱ्यावरचा शिंपी, तातडीच्या कार्यवाहीसाठी.