शिवणवालीची नोटीस

"आक्का, झालं का धुणं?"

"धुणं ऱ्हाऊ दे, तू कुंपणाजवळ ये आधी. पेठंतल्या शिवणवालीला मालकानं वकिलाची नोटीस धाडली, गाळा खाली कर म्हणून. सिद्धनाथाचा रथ तोंडावर आलाय, ब्लाऊजांचा ढीग पडलाय, आन् ही बाई मशीन उचलून माहेरला निघाली हुती!"

"आता कोर्टाचाच हुकूम म्हटल्यावर..."

"हुकूम कसला डोंबलाचा! वकिलाचं पत्र हाय ते. भावाच्या केसमधी मी तारखेगणिक बसलीया. नोटिशीनंतर मालकानं दावा लावायचा, मग बेलीफ समन्स आणणार, मग आपण वकीलपत्र दिऊन ३० दिवसांत कैफियत टाकायची. समन्स आलं की दाराआड लपायचं न्हाई. एकतर्फी निकाल हुतो, माणसं बुडत्यात ती तिथंच."

"पर तिचं भाडंबी थकलंय म्हणं."

"मालकच घेईना, मग थकणारच की! आधी भाडं नाकारायचं, मागनं थकलं म्हणून बोंबलायचं, जुनीच खोड. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात त्याला तोड हाय. थकबाकीची लेखी नोटीस दिल्यावर ९० दिवस सरल्याबिगर दावा लावता येत न्हाई. लावला तरी समन्स मिळाल्यापास्नं ९० दिवसांत समदी बाकी, वर १५ टक्के सरळ व्याज, कोर्टात भरायची आन् पुढचं भाडंबी बिनचूक भरत ऱ्हायचं. मग थकबाकीच्या कारणानं बाहेर काढता येत न्हाई. तिला म्हटलं, माणदेशी बँकेत खातं हाय न्हवं तुझं? तिथनं त्याच्या खात्यावर टाक. हातात दिलेल्या पैशाला साक्षीदार कोण?"

"आन् त्याला खरंच जागा लागत असंल तर? पोरगा पुण्यासनं येतोय म्हणं."

"गरज खरी का बनावट ते कोर्ट बघतं. कुणाची अडचण मोठी तेबी बघतं. खोटं कशाला बोलू, माझ्या भावाला जागा सोडावी लागली. पर सोडली ती हुकूमनाम्यानं, डिपॉझिट मोजून घिऊन."

"रातोरात कुलूप बदललं तर?"

"सहा महिन्यांच्या आत ताब्याचा दावा टाकायचा. तिथं मालकी कुणाची ते इचारतच न्हाईत, कायद्याबिगर कुणी काढलं एवढंच बघत्यात. पाणी-लाईट तोडली तरी कोर्टात अर्ज करता येतो. फकस्त वकिलाला पयलं हे इचारायचं, भाडे कायदा आपल्या जागेला लागू हाय का? समद्या गावांना तो न्हाई."

"वकिलाची फी कुठनं आणायची गं तिनं?"

"बाईमाणसाला कमाई कितीबी असू दे, तालुका विधी सेवा समितीकडनं वकील फुकट मिळतो."

"करारनामा तरी हाय का तिच्याकडं?"

"न्हाई. पर लेखी करार करून त्याची नोंदणी करायची जबाबदारी मालकाची. त्यानं केली न्हाई, तर उलट शाबीत हुईस्तवर भाडेकरू सांगंल त्याच अटी खऱ्या धरत्यात. भाड्याची पावतीबी मालकानं द्यायलाच पायजे, न्हाई दिली तर गुन्हा हाय."

"आक्का, तुमच्या माडीवरच्या मास्तरांना तुम्ही पावती देता व्हय?"

"मास्तरांचं येगळं, ते घरच्यागत हायती... ते पावतीपुस्तक कुठल्या दुकानात मिळतं गं? आन् हे बघ, मास्तरांम्होरं ह्यातलं काय बोलू नगंस."